मागच्या डाव्या सीटवरचे ऐंशी किलो

इथे लोकांनी लिहिलेले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण खरं सांगायचं तर हसायला. जेवणं झाली की बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि प्रत्येक गोष्टीत चूक काढायचो... बॅटरी डाऊन असेल, मांजर असेल, माणूस प्यायलेला असेल. माझी नोकरी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, क्वालिटी विभागात. मोजमाप हेच काम. जे काट्यावर येत नाही त्यावर मी सही करत नाही. तेव्हा आज मी इथे लिहायला बसलोय ते एवढ्याचसाठी, की जे सांगणार आहे ते मी काट्यावर मोजलेलं आहे. आणि त्या सगळ्यात एका विधवा बाईची जागा जाता जाता राहिली, आणि एक धडधाकट माणूस कायमचा खुर्चीला लागला.

गाडीची हौस मला तरुणपणापासून. पण घर, मुलीचं शिक्षण, आईचं आजारपण... राहून गेलं. पन्नाशी ओलांडल्यावर ठरवलं, आता घ्यायची. नवी परवडणार नव्हती. मला हवी होती एका ठरावीक मॉडेलचीच. कंपनीचं नाव लिहीत नाही, गाडीचा काही दोष नाही. चार दरवाजे, मोठी डिकी, आईवडिलांना घेऊन लग्नाला जावं अशी साधी दिसणारी. पण आत टर्बो पेट्रोल इंजिन, पाय दाबला की पाठ सीटला चिकटते. अशा गाड्या आपल्याकडे फार विकल्या गेल्या नाहीत. मी वर्षभर शोधत होतो.

शेवटी ठाण्यात घोडबंदर रोडला एका सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये सापडली. काळपट निळा रंग, वर धुळीचा थर, चारही टायर बसलेले, बॅटरी मेलेली. विकणारा प्रदीप, चाळिशीतला, गोड बोलणारा माणूस.

"दादाची गाडी, विलासदादाची," तो म्हणाला. "दादा गेला. अटॅक आलेला. वहिनीला चालवता येत नाही, म्हणून मीच बघतोय सगळं."

"गाडीत गेले?"

"मीच घेऊन येत होतो ना हॉस्पिटलला. खडवलीवरून. पडघ्याच्या अलीकडे ट्रॅफिक लागलं, गाडी हलेना. नशीब, दुसरं काय."

घरी हे सांगितल्यावर बायको, शुभा, लगेच म्हणाली, "अहो, माणूस गेलेली गाडी कशाला?"

"हॉस्पिटलच्या खाटेवर रोज माणसं जातात. खाट फेकून देतात का?"

"खाटेवर बसून मी माहेरी जात नाही," ती म्हणाली. पण विरोध तेवढ्यावर थांबला.

विलास गेल्यावर गाडी त्यांच्या पत्नीच्या नावावर झालेली होती. प्रदीप म्हणाला, वहिनीच्या सह्या मी आणून देतो, तुम्ही कशाला त्रास घेता? मी म्हटलं, नाही, ज्याची वस्तू त्याच्यासमोर सही. त्याला ते फारसं आवडलं नाही. पण मी ऐकत नाही म्हटल्यावर आम्ही दोघं डोंबिवली पश्चिमेला त्यांच्या घरी गेलेलो. मंदाताई. माझ्याच वयाच्या, बारीक, शांत. सह्या केल्या, चहा दिला, मग म्हणाल्या, "नीट सांभाळा हो भाऊ. ह्यांचा फार जीव होता गाडीवर. दर रविवारी खडवलीला घेऊन जायचे. तिथे जागा आहे आमची, दोघा भावांच्या नावावर. डॉक्टर ओरडायचे, ऐंशी किलो भरलात, कमी करा म्हणून. तर म्हणायचे, निवृत्त झालो की तिथेच दोन खोल्या बांधू, शेत करू, आपोआप वजन उतरेल."

"वहिनी, त्या जागेचंही एकदा उरकून टाकू," प्रदीप मध्येच बोलला. "पार्टी थांबणार नाही. तुम्ही एकट्या कुठे खडवलीला राहणार?"

"मला राहायचंय तिथे, भावोजी."

"बघू, बघू," तो म्हणाला. पण ते "बघू" ऐकून माझ्या लक्षात आलं की हा सही घेतल्याशिवाय राहायचा नाही. मला काय करायचंय, मी गाडी घ्यायला आलेलो.

गाडी टोचन करून आमच्या सोसायटीत आणली, डोंबिवली पूर्वेला. पूजेला माझे काका आलेले, आबाकाका, मूळ गावी कुडाळकडेच राहतात, तेव्हा योगायोगाने आमच्याकडे होते. आमच्याकडे कुठलीही नवी गोष्ट आली की गाऱ्हाणं घालतात. म्हणजे घरातल्या मोठ्याने देवाला मोठ्या आवाजात मागणं घालायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणायचं. म्हटलं की ते मागणं म्हणणाऱ्यालाही लागू. आबाकाका नेहमी बजावतात, "लक्ष देवन म्हणा, हुंकार भरल्यावर माघार नाय."

चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. प्रदीप दुसरी चावी द्यायला आलेला, तोही प्रसादासाठी थांबला. काकांनी विचारलं, आधीचो मालक खंय आसा? शुभा म्हणाली, वारले ते. काकांनी मान हलवली, हात जोडले आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान गाडी घेतल्यान हा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्या गाडयेच्या वाटेक जो कोण आडवो येयत, तेका उभो आडवो कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि ह्या गाडयेच्या जुन्या मालकाची काय इच्छा रवली असात, कोणाकडे काय येणा रवला असात, ता ह्याच गाडयेकडसून पुरा करून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

आम्ही सगळेच ओरडलो. मी, शुभा, शेजारचे, वॉचमन. पण सगळ्यात मोठा आवाज प्रदीपचा होता. तोंडात पेढा असताना. हसत हसत.

मग दुरुस्ती सुरू झाली. कल्याणला शहाडच्या पुलाजवळ नंदूचं गॅरेज आहे, या जातीच्या गाड्या तो करतो. तोंडाने भारी माणूस. बॉनेट उघडल्या उघडल्या म्हणाला, "साहेब, ही गाडी नाही, हा घोडा आहे. फक्त झोपलाय. उठवू." मी एकदम सगळं करणार नव्हतो. महिन्याला एक काम. आधी बॅटरी, टायर, सगळी तेलं. मग इंजिनचे माउंट, मग गिअरबॉक्सचं तेल, मग टर्बोची फाटलेली नळी. प्रत्येक कामानंतर मी एकाच रस्त्याने चाचणी घ्यायचो, म्हणजे आकड्यांची तुलना करता येते. डोंबिवलीहून कल्याण, गांधारी पूल, बापगाव, पडघा, तिथून खडवली, नदीकाठी एक चहा आणि त्याच रस्त्याने परत. रविवारी सकाळी. हाच रस्ता का निवडला? मंदाताईंच्या तोंडून ऐकलेला, डोक्यात राहिला असेल, असं मी स्वतःला सांगत आलोय.

गाडी दर महिन्याला सुधारत होती. पिकअप वाढला, आवाज गेला, स्टिअरिंग हलकं झालं. दोनच गोष्टी जुळेनात. एक म्हणजे अ‍ॅव्हरेज. मी एकटा गाडीत असूनही आकडा यायचा तो मागे कुणीतरी बसल्यासारखा. आणि दुसरं, मागची डावी बाजू. उभी असतानाच बोटभर खाली बसलेली. नंदूने डावी स्प्रिंग बदलली. मग दोन्ही बदलल्या. मग शॉक अ‍ॅब्सॉर्बर. तरीही डावी बाजू खाली.

"जमीन वाकडी असेल साहेब," नंदू म्हणाला.

"तुझ्या गॅरेजची जमीन वाकडी, माझ्या सोसायटीची वाकडी आणि खडवलीचीही वाकडी?"

"पृथ्वी गोल आहे ना," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

मी गाडी सरळ भिवंडी रस्त्यावरच्या वजनकाट्यावर घेऊन गेलो. जिथे ट्रक मोजतात तो. डिकी रिकामी, स्टेपनी जागेवर, टाकी भरलेली, मी स्वतः खाली उतरलेला. कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे वजन यायला हवं होतं तेराशे चाळीस किलो. काटा दाखवत होता चौदाशे वीस. काट्यावरच्या माणसाला म्हटलं, काटा चुकतोय. तो चिडला. माझ्या मागच्या रिकाम्या टेम्पोचं वजन त्याच्या मालकाला तोंडपाठ होतं, ते बरोबर आलं. मी परत गाडी चढवली. चौदाशे वीस.

ऐंशी किलो जास्त. तेव्हा मला मंदाताईंचे शब्द आठवलेही नाहीत. मला वाटलं, कधीतरी गाडीला अपघात झाला असेल आणि कुणीतरी खाली पत्रा मारलाय. नंदूने गाडी वर उचलून सगळं पाहिलं. काही नव्हतं.

मग पुढचं सुरू झालं. खडवलीहून परत येताना पडघ्याच्या अलीकडे डाव्या हाताला एक बंद पडलेली वीटभट्टी आहे, समोर एक आंब्याचं झाड. बरोबर तिथे गाडी बंद पडली. खडखड नाही, धूर नाही, जणू कुणी चावी फिरवली. इंजिनचं तापमान नॉर्मल, पेट्रोल भरपूर. कितीही प्रयत्न केला तरी चालू होईना. मी झाडाखाली बसून राहिलो, कंटाळलो, आणि शेवटचं म्हणून बटण दाबलं तर पहिल्या झटक्यात चालू. नंदूने मशीन लावून पाहिलं. एकही एरर नाही. "वायरिंगचा प्रॉब्लेम," तो म्हणाला. पुढच्या खेपेला पुन्हा तिथेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही. जाताना कधीच नाही. फक्त येताना, फक्त भट्टीसमोर.

त्याच सुमारास नंदूने मागच्या सीटचं तुटलेलं वायरिंग जोडून दिलं. आणि त्या दिवसापासून बेल्टची घंटी वाजायला लागली. या गाडीत मागे कुणी बसलं आणि बेल्ट लावला नाही तर डॅशबोर्डवर त्या सीटचं चित्र लाल होतं आणि टिंग-टिंग वाजतं. मागची डावी सीट. रिकामी. लाल. सेन्सर बदलला. तरी लाल. शुभाने मागे बसणं सोडून दिलं. मी मात्र रिकाम्या सीटचा बेल्ट लावून टाकायचो, घंटी बंद व्हायची. एवढंच. भीती वाटली नाही, चीड आली. एवढं काम करूनही गाडीत एक दोष राहतोय आणि तो मला सापडत नाही, याची.

एके दिवशी मंदाताईंचा फोन आला. प्रदीपने कागद तयार केलेत, पुढच्या आठवड्यात जागेची सही. रडत नव्हत्या. म्हणाल्या, "त्याआधी एकदा त्या गाडीतून जागेवर जाऊन यावंसं वाटतं. जमेल का तुम्हाला?"

शुभाच म्हणाली, "न्या हो त्यांना. मी नाही येत, पण न्या."

त्या पुढे माझ्या शेजारी बसल्या. बेल्ट लावला. मागची घंटी सुरू झाली. मी घाईने गाडी बाजूला घेणार, तोवर त्या रस्त्याकडे बघत अगदी सहज म्हणाल्या, "ह्यांना बेल्टची सवयच नव्हती. मागे बसले की कधीच लावायचे नाहीत."

मी पहिल्यांदाच आरशात त्या सीटकडे बघायचं टाळलं. "मागे कधी बसायचे ते?"

"एरवी कधीच नाही. त्या दिवशी मागे आडवे झालेले ना, डाव्या बाजूला. मी घरी होते. भावोजींनी हॉस्पिटलमधून फोन केला तेव्हा सगळं संपलेलं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं."

जागेवर गेलो. विहीर, दोन चिंचा, कुंपणाला करवंदीच्या जाळ्या. त्यांनी हाताने दाखवलं, इथे ओटा, इथे स्वयंपाकघर. येताना वीटभट्टीसमोर गाडी बंद पडली. मी म्हटलं, घाबरू नका, आपोआप चालू होते.

"दर वेळी इथेच?"

"दर वेळी."

त्या खाली उतरल्या. मोकळा रस्ता, भट्टी, आंबा, रस्त्याच्या मधोमध दाणे टिपणाऱ्या चार कोंबड्या. बराच वेळ त्या तिथे उभ्या राहिल्या.

"इथे ट्रॅफिक लागलेलं," त्या म्हणाल्या. "कसलं हो भाऊ? कोंबड्यांचं?"

गाडी चालू होईपर्यंत मी स्वतः तिथे कितीदा बसलेलो. त्या मोकळ्या रस्त्यावर कुणी मुद्दाम तेवढाच वेळ गाडी उभी ठेवली, तर मागे आडवा झालेल्या माणसाचं काय होईल, याचा हिशेब करायला मला कागद लागला नाही. आणि गाडी कसली, तर पाय दाबला की कल्याणला नेऊन सोडणारी.

परत चालू झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "गाडीची सगळी कामं झाली का?"

"ब्रेक राहिलेत. आणि सेंट्रल लॉकिंग नीट चालत नाही."

"करून घ्या," त्या म्हणाल्या. "सगळं नीट करून घ्या."

त्या आठवड्यात मी दोन्ही कामं केली. नंदूने विचारलं, "एवढी घाई कसली साहेब, रेस आहे का?" मी म्हटलं, "समज तसंच." माझं विलासशी काही नातं नाही. पण त्याची गाडी पुन्हा पूर्ववत करता करता, तिच्यातली प्रत्येक ताकद जागी करता करता, मला कळत होतं की त्या दिवशी या प्रत्येक पार्टने काय करायला हवं होतं आणि कुणी करू दिलं नाही. रात्री डोळे मिटले की तो पेढा तोंडात घेऊन हसणारा चेहरा यायचा.

सहीच्या दिवशी मंदाताईंनी प्रदीपला सांगितलं, आधी जागेवर चला, हद्द दाखवा, मग सही करते. आणि ह्यांच्या गाडीतून जाऊ. प्रदीप म्हणाला, माझी गाडी आहे की. तर त्या म्हणाल्या, "का भावोजी? घाबरता? पूजेला तर सगळ्यात मोठ्याने होय म्हाराजा तुम्हीच म्हणालात म्हणे." तो हसला. "घाबरतोय कशाला?" आणि मागे माझ्या पाठीमागे उजवीकडे बसला. शेजारची डावी सीट लाल झाली. टिंग-टिंग.

"सावंत, अजून जुगाड चालूच का तुमचं?" प्रदीप म्हणाला. त्या रिकाम्या सीटचा बेल्ट लावायला त्याने हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला. का, ते त्याने सांगितलं नाही. त्यानंतर खडवलीपर्यंत तो फोनवर बोलत राहिला, दाराला चिकटून.

हद्द दाखवली, परत निघालो. ऊन कडक, एसी पूर्ण. मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं की गाडी कुठे बंद पडते. मंदाताईंनीही नाही. वळण आलं, आंब्याचं झाड दिसलं, गाडी व्यवस्थित पळत होती... आणि मागून प्रदीप एकदम ओरडला, "इथे थांबवू नका!"

मंदाताई सावकाश मागे वळल्या. "थांबवतंय कोण? का भावोजी, काय आहे इथे?"

आणि इंजिन बंद पडलं.

एसी थांबला. गाडी घरंगळत बरोबर भट्टीसमोर उभी राहिली. मी आणि मंदाताई उतरलो, मी बॉनेट उघडायला पुढे गेलो, आणि मागे खट्ट करून चारही लॉक बसली. चावी माझ्या हातात होती. बटण दाबलं, काही नाही. चावीचं पातं काढून दारात फिरवलं, फिरलं, दार उघडेना.

"ओ सावंत! लॉक काय केलं?" प्रदीप काच बडवत होता. आवाज अगदी बारीक येत होता; दारांची रबरं मीच नवी बसवलेली. मग त्याने बडवणं थांबवलं. मान हळूहळू डावीकडे वळली. मी पाहिलं, गाडीची मागची डावी बाजू आणखी खाली बसली. मी सांगतोय ती कल्पना नाही, टायरच्या वरची फट मी डोळ्यांनी भरताना पाहिली, कुणी सीटवर सरकून बसलं की भरते तशी.

प्रदीप उजव्या दाराला इतका चिकटला की त्याचा गाल काचेवर पांढरा झाला. ओठ हलत होते. हात जोडत होता, रिकाम्या सीटकडे बघून. मग त्याने छाती नाही, डोकं धरलं.

मी रस्त्याकडेचा दगड उचलला, काच फोडायला. मंदाताईंनी माझं मनगट पकडलं. एवढ्या बारीक बाईची पकड अशी असेल असं वाटलं नव्हतं.

"थांबा भाऊ," त्या म्हणाल्या. "ट्रॅफिक आहे."

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कोंबड्यासुद्धा नव्हत्या.

मी थांबलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी घड्याळ पाहिलं नाही.

मग कुणी काही न करता लॉक उघडली आणि इंजिन चालू झालं. चावी माझ्याच मुठीत, माझा पाय रस्त्यावर. प्रदीपचं तोंड एका बाजूला ओघळलेलं, एक हात लुळा. त्याला तसाच मागे आडवा केला आणि मी गाडी काढली. तेव्हा कळलं नंदू घोडा कशाला म्हणायचा. इतके महिने मी ती गाडी चालवत होतो, पण ती पळाली त्या दिवशी. पडघा, बापगाव, गांधारी पूल, एकाही ठिकाणी मला ब्रेक मारावा लागला नाही. मंदाताई पुढे बसून समोर बघत होत्या. मागे प्रदीप काहीतरी पुटपुटत होता, आम्हाला कळत नव्हतं. बेल्टची घंटी एकदाही वाजली नाही. मागे एक माणूस बिनबेल्टचा आडवा पडलेला असताना.

कल्याणच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत म्हणून वाचला.

बाहेर बाकावर मी मंदाताईंना विचारलं, "गाडी चालू झाली नसती तर?"

"ह्यांचा स्वभावच तसा," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून धाकट्यावर हात उगारायचे आणि मारायचे नाहीत. सोडून दिलं शेवटी." मग पदराने कपाळ टिपलं. "मी नसतं सोडलं."

दुसऱ्या दिवशी कामावर न जाता मी वजनकाट्यावर गेलो. टाकी भरून घेतली, डिकी रिकामी केली, खाली उतरलो. तेराशे चाळीस. काट्यावरचा माणूस म्हणाला, "बघा, काटा बरोबरच होता." मागची डावी बाजू उजवीइतकीच वर. अ‍ॅव्हरेज पुस्तकाला जुळतं. भट्टीसमोर गाडी कधी थांबत नाही. नंदू ग्राहकांना सांगतो, सावंतसाहेबांच्या गाडीचं वायरिंग मी एका हाताने सरळ केलं.

ते ऐंशी किलो कुठून आले, कुठे गेले, मला माहीत नाही. लोखंडाचं वजन भुतासारखं येतं-जातं हे मी कुठल्याही रिपोर्टात लिहू शकणार नाही. प्रदीपला काय दिसलं हेही कुणाला कळणार नाही, कारण त्याची वाचा गेली. पूर्ण नाही. एकच गोष्ट बोलता येते त्याला. गाडीत तो जे पुटपुटत होता तेच. डॉक्टर म्हणतात, अशा रुग्णांत कधी कधी एखादाच शब्द शिल्लक राहतो, कुठला राहील ते सांगता येत नाही. चहा हवा? दुखतंय? टीव्ही बंद करू? सगळ्याला एकच उत्तर.

जागेचा विषय त्याच्या बायकोने पुन्हा काढला नाही. खडवलीला जोतं भरून झालंय, ओटा पूर्वेला. मी मंदाताईंना दर रविवारी तिकडे घेऊन जातो, आणि त्याआधी त्यांना ठाण्याला प्रदीपच्या घरी थांबायचं असतं. त्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसतात, फळं कापून देतात, तोंड पुसतात.

"भावोजी, जागा माझीच ना?"

"होय म्हाराजा!" तोंडात पेढा कोंबल्यासारखा तोच मोठा आवाज.

"त्या दिवशी ट्रॅफिक नव्हतंच ना?"

"होय म्हाराजा!"

त्याची बायको स्वयंपाकघरात निघून जाते. मी दारात उभा असतो. परवा निघताना मंदाताईंनी त्याच्या पांघरुणाची घडी सारखी केली आणि विचारलं, "पुढच्या रविवारीही येऊ ना?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मान जोरजोरात नाही म्हणून हलत होती.

"होय म्हाराजा!"